पार्श्वभूमी : बॉस्टनचे चाहते हिवाळ्यात का चिडतात

जानेवारी २०२३ मध्ये बॉस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल क्लबने स्प्रिंगफील्ड शहरात चाहत्यांचा मेळावा भरवला होता. खेळाडूंना भेटायचे, सह्या घ्यायच्या, नव्या मोसमाच्या गप्पा मारायच्या, असा हा दरवर्षीचा घरगुती बेत. पण मालक जॉन हेन्री आणि संघबांधणीचे प्रमुख हाइम ब्लूम व्यासपीठावर आले आणि तिकीट काढून आलेल्या लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. महिनाभरापूर्वीच शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) झँडर बोगार्ट्स ११ वर्षांच्या, २८ कोटी डॉलरच्या करारावर सॅन डिएगोला निघून गेला होता. दोनच आठवड्यांपूर्वी राफाएल डेव्हर्सशी ३१ कोटींहून मोठा दीर्घ करार होऊनही लोक शांत झाले नव्हते.

बाहेरच्या माणसाला हा राग समजत नाही. याच मालकांच्या काळात संघाने २००४, २००७, २०१३ आणि २०१८ अशा चार वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाच्या विजेतेपदाच्या अंतिम मालिका, जिंकल्या, आणि त्याआधी तब्बल ८६ वर्षे एकही जिंकली नव्हती. मग तक्रार कशाची? माझ्या मते ती हरण्याची नाही, आणि लाडका खेळाडू गेल्याचीही पुरती नाही. हिवाळ्यात संघ मोडायचा, कारण पैशाचे असायचे आणि सांगताना मात्र खेळाचे सांगायचे, हा अनुभव बॉस्टनने शंभर वर्षे घेतला आहे. राग त्याचा आहे.

आधी थोडे वेळापत्रक. मेजर लीग बेसबॉलचा मोसम ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर सराव शिबिरे सुरू होतात. मधल्या साडेतीन महिन्यांत संघ बांधले जातात. आयपीएलसारखा एका दिवसाचा लिलाव इथे नसतो. करार संपलेले खेळाडू एकेकाशी बोलणी करतात, क्लब आपसात अदलाबदल करतात, आणि बातमी कधी मध्यरात्री येते तर कधी नाताळच्या आठवड्यात. चाहत्यापुढे सामना नसतो, नुसत्या बातम्या असतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला फेनवे पार्क या क्लबच्या मैदानाबाहेर सामानाचा ट्रक भरतात. वीस हजारांहून अधिक चेंडू, हजारभर बॅटी, सूर्यफुलाच्या बियांची खोकी घेऊन तो फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सच्या सराव शिबिराकडे निघतो, आणि तो नुसता निघताना पाहायला लोक थंडीत रस्त्यावर उभे राहतात. एवढा जीव लावणाऱ्या गावाला हिवाळ्यातले निर्णय जिव्हारी लागणारच.

या साऱ्याची सुरुवात बेब रूथपासून होते. १९१५, १९१६ आणि १९१८ अशा तीन विजेतेपदांत तो बॉस्टनच्या संघात होता, तोही मुख्यतः पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून. १९१९ मध्ये त्याने २९ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे टोले) मारून जुना विक्रम मोडला, पण संघ घसरला. रूथचा वर्षाला १० हजार डॉलरचा करार होता, त्याने २० हजार मागितले. मालक हॅरी फ्रेझी हे नाट्यनिर्माते होते. क्लब विकत घेतानाच्या कर्जाचे हप्ते त्यांच्या डोक्यावर होते. १९१९ च्या नाताळानंतर न्यू यॉर्क यँकीजशी सौदा झाला आणि ५ जानेवारी १९२० रोजी तो जाहीर करण्यात आला. किंमत १ लाख डॉलर. एका खेळाडूसाठी तोवर इतकी रक्कम कुणी मोजली नव्हती. यँकीजचे मालक जेकब रुपर्ट यांनी शिवाय ३ लाखांचे कर्ज देण्याचे कबूल केले, आणि त्याला तारण होते खुद्द फेनवे पार्क! म्हणजे सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याला आपला सर्वांत मोठा खेळाडू विकला आणि आपले मैदानही त्याच्याकडेच गहाण टाकले.

फ्रेझी यांनी लोकांना सांगितलेली कारणे निराळी होती. रूथ स्वार्थी आहे, कुणाची पर्वा करत नाही, संघ एकट्या माणसाचा होत चालला आहे, आणि या पैशातून आपण दुसरे चांगले खेळाडू घेऊ, असे ते म्हणाले. रूथ बेशिस्त होता यात खोटे काही नाही. पण दुसरे चांगले खेळाडू काही आले नाहीत. उलट होते तेही एकामागून एक त्याच वाटेने गेले. १९२० मध्ये रूथने ५४ होमरन मारले. यँकीज सोडले तर अमेरिकन लीगच्या कुठल्याही अख्ख्या संघाला तेवढे जमले नाहीत. १९२३ मध्ये यँकीजने पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा वेट हॉइट, हर्ब पेनॉक, जो बुश, सॅम जोन्स, कार्ल मेज हे त्यांचे पिचर सगळे बॉस्टनहून आलेले होते. त्याच वर्षी रेड सॉक्स शेवटच्या क्रमांकावर राहिले आणि फ्रेझी क्लब विकून मोकळे झाले.

फ्रेझींबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. एका संगीत नाटकाला पैसे हवे म्हणून त्यांनी रूथला विकले, ही बॉस्टनमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितली गेलेली कथा जशीच्या तशी खरी नाही. ते नाटक ब्रॉडवेवर आले १९२५ मध्ये. शिवाय लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांच्याशी त्यांचे इतके बिनसले होते की त्यांच्याशी व्यवहार करायला यँकीज आणि शिकागो व्हाइट सॉक्स याखेरीज कुणी तयार नव्हते. माणूस अडचणीत होता. पण ती अडचण त्याने लोकांपासून लपवली आणि दोष खेळाडूच्या स्वभावावर टाकला. बॅम्बिनो हे रूथचे टोपणनाव. ‘बॅम्बिनोचा शाप’ ही भाषा पुढे १९८६ च्या पराभवानंतर रुळली. शाप वगैरे काही नव्हते, साधे कर्ज होते.

त्या काळी खेळाडूला स्वतःहून क्लब सोडता येत नसे. करारातल्या ‘रिझर्व्ह क्लॉज’मुळे क्लब म्हणेल तेवढी वर्षे तो बांधलेला असे. ही पद्धत १८७९ पासून चालत आली होती. सेंट लुईसच्या कर्ट फ्लडने १९६९ मध्ये स्वतःच्या अदलाबदलीला नकार देऊन थेट सर्वोच्च न्यायालय गाठले, पण १९७२ मध्ये तो हरला. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला, की करार संपल्यावर क्लबला खेळाडूवर फक्त एका वर्षाचा हक्क राहतो. मालकांनी साइट्झ यांना तत्काळ काढून टाकले, निकाल मात्र टिकला. तेव्हापासून ठराविक सेवा झालेला खेळाडू ‘फ्री एजंट’ होऊ लागला आणि हिवाळ्याला आजचे रूप आले. त्याआधी खेळाडू गेला तर तो मालकानेच घालवलेला असे. आता तो स्वतःच गेला, असे म्हणण्याची सोय झाली.

या नव्या व्यवस्थेत बॉस्टनने केलेली पहिली मोठी चूक तर चक्क टपालाची होती. कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) कार्लटन फिस्क शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये वाढलेला, गावचाच मुलगा. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात मध्यरात्रीनंतर, बाराव्या डावात त्याने मारलेला चेंडू मैदानाची हद्द दाखवणाऱ्या डाव्या खांबाकडे झुकत होता. फिस्क धावायचे सोडून दोन्ही हातांनी ‘आत, आत’ अशा खुणा करत राहिला. चेंडू खांबावर आदळला आणि होमरन झाला. हे दृश्य पाहिले नाही असा बॉस्टनचा चाहता विरळा. डिसेंबर १९८० मध्ये फिस्क आणि फ्रेड लिन यांना क्लबने नवे करारपत्र २० तारखेपर्यंत पाठवणे बंधनकारक होते. ते दोन दिवस उशिरा टपालात पडले. लिनला क्लबने घाईघाईने कॅलिफोर्नियाला देऊन टाकले. फिस्कचे प्रकरण लवादाकडे गेले, तो मोकळा ठरला आणि व्हाइट सॉक्सला मिळाला. बॉस्टनचा आपला २७ क्रमांक उलटा करून त्याने ७२ घेतला. योगायोग असा की १९८१ च्या मोसमातला शिकागोचा पहिलाच सामना फेनवे पार्कवर होता. आठव्या डावात फिस्कने तीन धावांचा होमरन मारून आपल्या जुन्या संघाला हरवले. पुढे तो शिकागोत तेरा मोसम खेळला, बॉस्टनपेक्षा जास्त.

१९९६ नंतर पिचर रॉजर क्लेमन्स गेला. वय ३४, मोसमात १० विजय, १३ पराभव. जनरल मॅनेजर डॅन ड्यूकेट यांच्या बोलण्याचा सूर त्याच्या कारकिर्दीची संध्याकाळ झाल्याचा होता. पण त्याच सप्टेंबरमध्ये क्लेमन्सने एका सामन्यात २० फलंदाज स्ट्राइकआउट केले होते. टोरोंटोत जाऊन पुढची दोन्ही वर्षे सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यानेच घेतला.

सगळेच हिवाळे असे गेले नाहीत. २००३–०४ चा हिवाळा तर चाहत्यांच्या दृष्टीने आधी फसलेलाच होता. अॅलेक्स रॉड्रिगेझला आणण्याचा बेत खेळाडू संघटनेच्या हरकतीमुळे बारगळला आणि फेब्रुवारीत यँकीजनीच त्याला उचलले. पण त्याच हिवाळ्यात जनरल मॅनेजर थिओ एप्स्टाइन यांनी कर्ट शिलिंग आणि कीथ फोक या पिचरना आणले होते. क्लब काय करू पाहतो आहे ते उघड दिसत होते आणि पैसा मैदानावर लागत होता. ऑक्टोबरमध्ये ८६ वर्षांचा दुष्काळ संपला. डिसेंबर २००५ मध्ये जॉनी डेमन यँकीजकडे गेला तेव्हा बॉस्टनने त्याला शिव्या दिल्या, क्लबला फारशा नाहीत. विश्वास शिल्लक असला की लोक बरेच सोसतात.

तो विश्वास पहिल्यांदा तडकला पिचर जॉन लेस्टरच्या वेळी. कर्करोगातून उठून त्याने २००७ च्या वर्ल्ड सिरीजचा निर्णायक सामना जिंकून दिला होता. बॉस्टनमध्ये राहायला मिळणार असेल तर थोडे कमी घेईन, असे तो स्वतः बोलला होता. २०१४ च्या वसंतात क्लबने त्याला चार वर्षांचे ७ कोटी देऊ केल्याच्या बातम्या आल्या. वर्षअखेरीस शिकागो कब्जने १५.५ कोटी दिले आणि २०१६ मध्ये तिथेही विजेतेपद आले.

मग मुकी बेट्स. २०११ मध्ये पाचव्या फेरीत निवडलेला, क्लबच्याच हाताखाली घडलेला. २०१८ मध्ये .३४६ ची सरासरी, ३२ होमरन, लीगचा सर्वोत्तम खेळाडू. संघाने त्या वर्षी १०८ सामने जिंकले. त्याच वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना जिंकल्यावर बेट्स रात्री उशिरा बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाबाहेर बेघर लोकांना जेवणाचे ट्रे देऊन आला, कुठे वाच्यता न करता. अशा माणसाला गावाने आपले मानले नसते तरच नवल.

२०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे क्लबने पगारमर्यादा ओलांडून लक्झरी टॅक्स भरला होता. तिसऱ्या वर्षी दर ५० टक्क्यांवर जाणार होता. एक वर्ष २०.८ कोटींच्या खाली राहिले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. सप्टेंबर २०१९ मध्ये हेन्री यांनी स्वतःच सांगितले की पुढच्या वर्षी मर्यादेखाली यायचे आहे. मग टॅम्पा बे या कमी खर्चात संघ बांधणाऱ्या क्लबमधून ब्लूम आले. १० फेब्रुवारी २०२० रोजी बेट्स आणि पिचर डेव्हिड प्राइस लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेले. प्राइसचा उरलेला निम्मा पगारही बॉस्टननेच भरायचा होता. बदल्यात अॅलेक्स व्हर्डुगो, जेटर डाउन्स आणि कॉनर वाँग मिळाले. आठवडाभराने हेन्री म्हणाले की हा निर्णय टॅक्ससाठी घेतलेला नाही. वर्षअखेर बेट्स फ्री एजंट होऊन फुकट गेला असता, म्हणून घेतला. या म्हणण्यात तथ्य आहे. बेट्सला बाजारभाव हवा होता आणि तो सवलत देणार नव्हता. पण पाच महिन्यांपूर्वी जे उद्दिष्ट स्वतः जाहीर केले, ते आता कारणच नव्हते असे कसे म्हणायचे? जुलैत डॉजर्सनी त्याला १२ वर्षांचे ३६.५ कोटी दिले, ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. बॉस्टन त्या वर्षी गटात शेवटचे.

त्यानंतरचे हिवाळे याच जखमेवरचे. डाउन्सला २०२२ च्या अखेरीस सोडून दिले. व्हर्डुगो डिसेंबर २०२३ मध्ये यँकीजकडे गेला. त्याआधी महिनाभर क्लबचे अध्यक्ष टॉम वर्नर यांनी यंदा पूर्ण जोर लावू असे सांगितले होते. जानेवारीत सीईओ सॅम केनेडी म्हणाले की पगारखर्च बहुधा गेल्या वर्षापेक्षा कमीच राहील. वर्नर यांचे ‘फुल थ्रॉटल’ हे शब्द चाहत्यांनी लगेच फलकांवर आणि टोमण्यांत घेतले. त्याआधी ३० डिसेंबरला पिचर ख्रिस सेल अटलांटाला गेला होता. चार वर्षे दुखापतींनी गाजलेली असल्याने त्याला सोडणे तेव्हा समजण्यासारखे होते. २०२४ मध्ये त्याने १८ सामने जिंकले, ३ हरले आणि साय यंग मिळवला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तिसऱ्या बेसचा खेळाडू अॅलेक्स ब्रेगमन आला. डेव्हर्सने फोर्ट मायर्समध्ये पत्रकारांसमोरच आपली तिसऱ्या बेसची जागा त्याच्यासाठी सोडायला नकार दिला. मोसम सुरू झाल्यावर पहिल्या बेसवर खेळण्यावरूनही वाद झाला. १५ जूनला यँकीजविरुद्धचे तिन्ही सामने जिंकल्यावर काही तासांतच डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला रवाना झाला. त्याच्या कराराचे उरलेले २५ कोटींहून अधिक डॉलरही त्याच्याबरोबर तिकडे गेले. संघ त्या वर्षी २०२१ नंतर प्रथमच बाद फेरीत पोचला आणि तिथे यँकीजकडूनच हरला. २०१८ च्या विजेत्या संघातले बेट्स, बोगार्ट्स आणि डेव्हर्स तेव्हा तिघेही कॅलिफोर्नियातल्या तीन वेगवेगळ्या क्लबांत होते.