ऑफिसच्या पीसीत ग्राफिक्स कार्ड टाकायचंय? आधी पीसी उघडून बघा

पीसी स्लो झालाय, ग्राफिक्स कार्ड (मॉनिटरवरचं चित्र तयार करणारं वेगळं कार्ड) बसवून द्या, असं सांगत बरेच जण आमच्याकडे येतात आणि आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो की काम काय करता. कारण एक्सेल, ईमेल, अकाउंट्स, ब्राउझर, व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर प्रोसेसरमधलं इनबिल्ट ग्राफिक्स पुरतं, आणि मशीन रखडतं ते बहुतेक वेळा जुन्या हार्ड डिस्कमुळे नाहीतर कमी रॅममुळे. पीसी अडकतो ना, नेमकं तेव्हाच कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये बघा. डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घ्या, मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवा, कार्डावर पैसे घालवू नका. इनबिल्ट ग्राफिक्स मेन रॅमच वापरतं, त्यामुळे एकच रॅम स्टिक असेल आणि तिच्याच जोडीची दुसरी टाकली तर ग्राफिक्सलाही फरक पडतो.

कार्ड खरंच लागतं ते तीन-चार मॉनिटर लावायचे असतील, थ्रीडी ड्रॉइंग किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल, जुन्या मशीनवर ४के (खूप बारीक, स्पष्ट चित्राचा) मॉनिटर नीट चालत नसेल तेव्हा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबराच्या शेवटी एफ असेल तर इनबिल्ट ग्राफिक्स नसतंच, तिथे कार्डाशिवाय डिस्प्लेच येणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पॉवर सप्लाय. मदरबोर्डच्या मोठ्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून, म्हणजे कार्ड बसवायच्या खाचेतून, कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्याच्या वरचं कार्ड असेल तर पॉवर सप्लायमधून वेगळी ६ पिन किंवा ८ पिनची वायर लागते, आणि ऑफिसच्या बारीक कॅबिनेटमधे सप्लाय बऱ्याचदा २००-२५० वॅटच्या आसपासचा असतो, त्याला ती वायरच नसते. मग लोक साटा पॉवरवरून, म्हणजे हार्ड डिस्कला जाणाऱ्या वायरवरून, ६ पिन करणारा कन्व्हर्टर लावतात. कृपया हे करू नका. साटाचा पॉवर कनेक्टर १२ व्होल्टला साधारण ५४ वॅटपुरताच असतो, त्यावर ७५ चा लोड आला की प्लास्टिक वितळू शकतं. अशा मशीनला वेगळी वायर न लागणारं कार्डच घ्यायचं, दुसरा शॉर्टकट नाही.

मग साइज. एका ग्राहकाने स्वतःच कार्ड मागवलं, पॉवरचं सगळं बघून मागवलेलं, स्लॉटमधे बरोबर बसलं पण मागची पत्र्याची पट्टी फुल हाइटची होती, म्हणजे साधारण १२ सेंटीमीटर, आणि कॅबिनेटला लागणारी ८ सेंटीमीटरची, त्यामुळे झाकणच लागेना. बारीक कॅबिनेटला लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्ड लागतं आणि बॉक्समधे छोटी पट्टी आहे ना ते घ्यायच्या आधी विचारून घ्या. काही लो प्रोफाइल कार्डं जाडीला दोन स्लॉट खातात, शेजारची जागा रिकामी आहे का तेही बघा.

नावावर जाऊ नका, कारण एकाच नावाखाली वेगळा माल असतो. जीटी १०३० या नावाखाली वेगवान जीडीडीआर५ मेमरीचं कार्ड येतं आणि हळू डीडीआर४ मेमरीचंही, पहिल्याचा मेमरी स्पीड सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १७ जीबीसुद्धा नाही. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॅटचं आहे आणि ८ जीबीवाल्याला वेगळी पॉवर वायर लागते. आरएक्स ६४०० ला कमी वॅट लागतात, पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटा जायचे रस्ते) वापरतं त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या जुन्या बोर्डावर मार खातं, शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (तयार व्हिडिओची फाइल पटकन बनवणारा भाग) नाही, म्हणून एडिटिंगवाल्यांना आम्ही ते देत नाही. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) सपोर्ट करणारं मशीन हवं, नाहीतर पूर्ण ताकद मिळत नाही. फक्त जास्तीचे मॉनिटर लावायचे असतील तर साधं कार्ड चालतं, पण पोर्ट मोजून घ्या, छोट्या कार्डांना कधीकधी दोनच असतात.

नव्या कार्डांना व्हीजीए (जुन्या मॉनिटरच्या केबलचं पोर्ट) नसतं, जुना मॉनिटर असेल तर चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, नुसती वायर चालत नाही. आणि ४के साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी हवं. एचडीएमआय १.४ वर ४के ३० हर्ट्झलाच चालतं, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं, माउस हलवला तरी पॉइंटर अडखळतो, दिवसभर त्यावर काम करणाऱ्याचे डोळे शिणतात.

कार्ड बसवल्यावर डिस्प्ले आला नाही तर घाबरू नका, आधी मागे बघा, मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्याच पोर्टला असते बरेचदा, ती काढून कार्डाच्या पोर्टला लावा.

आमच्याकडे येताना अख्खं मशीन आणायची गरज नाही. पीसी बंद करून प्लग काढा, झाकण उघडा आणि तीन फोटो काढा, पॉवर सप्लायच्या स्टिकरचा, रिकाम्या स्लॉटचा आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा. सोबत मॉनिटर किती आणि कुठलं सॉफ्टवेअर चालवता ते लिहा, त्यावरून कुठलं कार्ड बसेल ते सांगू, आणि गरज नसेल तर तेही स्पष्ट सांगू.