लिंक शेपटाकडून वाचा

रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपापल्या साइट 'बँक.इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलं. बातमी बहुतेकांनी वाचून सोडून दिली असेल पण मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण पत्त्याचा खरा मालक शेपटाकडे असतो आणि आपण लिंक बघतो पुढून, सुरुवातीला ओळखीचं नाव दिसलं की बोट लागलंच समजा.

पोस्टाच्या पाकिटावर कसं आधी नाव, मग घर, गाव, तालुका, जिल्हा असतं, आणि टपाल खात्याचं काम मात्र खालून सुरू होतं, तसंच इथे. साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणारी ही व्यवस्था, डीएनएस, १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. समजा तुम्ही 'अबक.बँक.इन' टाकलंत आणि आधीची नोंद कुठेच साठवलेली नाही, तर तुमच्या इंटरनेटवाल्याचा सर्व्हर पहिल्यांदा रूट सर्व्हरला, म्हणजे या साखळीतल्या सगळ्यात वरच्या सर्व्हरला, विचारतो की 'इन' कोण सांभाळतं, मग इनवाल्यांकडून 'बँक.इन'चा ठावठिकाणा काढतो, मग तिथे 'अबक'ची चौकशी करतो आणि तेव्हा कुठे आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या साइटच्या सर्व्हरचा आकडी पत्ता, हाती लागतो. प्रत्येक पायरीवर उजवीकडचा डावीकडच्याला अधिकार देतो. म्हणून ज्याने 'कखग.कॉम' विकत घेतलं तो त्याच्या डावीकडे वाट्टेल ते जोडू शकतो, कुणाला विचारायची गरज नाही! 'अबक.बँक.इन.कखग.कॉम' हा पत्ता तांत्रिकदृष्ट्या एकदम बरोबर आहे, फक्त तो बँकेचा नाही, कखगवाल्याचा आहे. 'बँक.इन'खालची नावं आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेने स्थापलेली एकच संस्था देते, तीही बँकांनाच, पण त्याचा फायदा ते शब्द शेवटी असतील तरच.

शेवट कुठे धरायचा? एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा, पुढे जी पहिली एकटी रेघ येईल तिथे थांबा आणि मागे वाचत या. त्या रेघेच्या पुढे साइटवाला काहीही लिहू शकतो, बँकेचं नावसुद्धा.

आणि ते 'पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणजे साइट सुरक्षित' असे फॉरवर्ड कृपया पाठवू नका. कुलूप एवढंच सांगतं की मधल्या कुणाला तुमचा मजकूर वाचता येणार नाही, समोर चोर बसलाय की बँक हे नाही सांगत, त्याचं सर्टिफिकेट चोरालाही फुकट मिळतं. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढलं ते लोकांच्या याच गैरसमजामुळे.

खरी अडचण रचनेतच आहे. रेघेआधी लहानाकडून मोठ्याकडे, रेघेनंतर मोठ्या फोल्डरकडून लहान फाइलकडे, अशी उलटसुलट दिशा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीच लिहिलंय की पुन्हा करायचं झालं तर सगळं एकाच क्रमाने ठेवलं असतं, आधी कॉम, मग कंपनी, मग फाइल. आता ते बदलणं शक्य नाही, त्यामुळे ब्राउझरवाले दुसरीकडून उपाय करतात, फायरफॉक्स मालकाचा भाग ठळक ठेवून बाकीचा पत्ता फिका करतो, आयफोनवरची सफारी तर रेघेपुढचं दाखवतच नाही.