सगळे एल्फ समुद्रापारचे नव्हेत

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनच्या जगातले एल्फ हे अमर लोक मूळचे समुद्रापारच्या वालिनोर या देवभूमीचे, आणि शेवटी जहाजात बसून ते आपल्या घरी परत जातात, असं इंदुरातल्या मराठी वाचकांच्या गप्पांत ठामपणे सांगितलं जातं. हे चूक आहे.

एल्फ जागे झाले ते मध्यभूमीच्याच दूर पूर्वेला, क्विव्हिएनेनच्या पाण्याकाठी. ओरोमे या देवाने पश्चिमेला, वालिनोरला यायचं बोलावणं दिलं, तेव्हा अवारी म्हणवणाऱ्या एल्फांनी साफ नकार दिला. वान्यार आणि नोल्डोर ही कुळं समुद्र ओलांडून गेली. तेलेरी हे तिसरं कुळ मात्र वाटेत पांगलं; काहीच पलीकडे पोचले: आंदुइन नदीपाशी उंच डोंगर पाहून लेन्वेचा गट बाजूला वळला, आणि त्यांचा राजा एल्वे मेलियन या देवकन्येच्या मोहात रानात हरवला म्हणून त्याचे लोक मध्यभूमीच्या पश्चिमेकडच्या बेलेरिआंडमध्येच थांबले. हेच सिंदार. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या लेगोलसचं राजघराणं यांचंच. त्याने वालिनोर कधी पाहिलंच नव्हतं. तीन पिढ्या इंदुरात काढलेल्या माणसाला ‘पुण्याला परत कधी?’ विचारावं, तसंच हे.

वालिनोरहून मध्यभूमीत मोठ्या संख्येने परतले ते नोल्डोर, आणि तेही हाताला रक्त लावून. जहाजांसाठी त्यांच्यातल्या अनेकांनी आल्क्वालोंदे बंदरात, समुद्रापार पोचलेल्या तेलेरींची कत्तल केली होती. तिथला राजा ओल्वे हा एल्वेचा, म्हणजे थिंगोलचा, सख्खा भाऊ! म्हणूनच थिंगोलने आपल्या राज्यात नोल्डोरांच्या भाषेवर बंदी घातली. सगळ्यांना एकाच गावचे मानलं की हा संताप कळतच नाही. पुढे सिल्मरिल या रत्नासाठी फेआनोर या नोल्डोर राजपुत्राच्या मुलांनी थिंगोलच्या डोरिआथ राज्यावरच हल्ला केला.