ॲल्युमिनियमच्या पॅनेलवरील सॅटिन ब्रश फिनिश : काम देण्यापूर्वी ग्राहकांनी वाचावयाची माहिती

आपल्या गाडीचा डॅशबोर्ड, दारांच्या आतील पट्ट्या, उंबऱ्याच्या सिल प्लेट किंवा क्वचित बाहेरचे बॉनेटही ॲल्युमिनियमचे असेल आणि त्यावर रंग न चढवता धातूचाच मंद, रेशमी उजेड दिसावा अशी आपली इच्छा असेल, तर त्या कामाला सॅटिन ब्रश फिनिश म्हणतात. भोसरीच्या आमच्या छोट्या कार्यशाळेत हे काम आम्ही हाताने करतो. दर ठरवण्याआधी हे काम कसे होते, कशाने बिघडते आणि झाल्यावर किती टिकते हे ग्राहकाला माहीत असले, तर पुढे गैरसमज होत नाहीत, या अनुभवातून हे पत्रक तयार केले आहे.

ही चमक कशाची असते

सॅटिन फिनिश हा पत्र्यावर दिलेला थर नसतो. पत्र्यावर एकाच दिशेने, एकमेकींना समांतर आणि शक्य तितक्या सारख्या खोलीच्या असंख्य बारीक रेघा पाडल्या की त्यावर पडणारा प्रकाश आरशावरून यावा तसा सरळ परत येत नाही. तो रेघांना काटकोनात पसरतो आणि दिव्याच्या प्रतिबिंबाऐवजी उजेडाचा एक लांबट, मऊ पट्टा दिसतो. स्टीलच्या नव्या डब्याच्या झाकणावर गोलाकार रेघा असतात, त्यामुळे झाकण हलवले की त्यावर उजेडाची पाती फिरल्यासारखी वाटतात. तोच गुण येथे सरळ रेघांतून साधायचा असतो.

यातून एक गोष्ट निघते आणि ती ग्राहकाने प्रथम ध्यानात घ्यावी. रेघांची दिशा बदलली की त्याच पत्र्याचा रंग बदलल्यासारखा दिसतो. डॅशबोर्डवर रेघा आडव्या आणि शेजारच्या ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर उभ्या पडल्या, तर दोन्ही तुकडे एकाच पत्र्यातून कापलेले असूनही एक उजळ आणि दुसरा काळसर दिसेल, आणि खिडकीतून येणारे ऊन फिरले की त्यांची अदलाबदल होईल. म्हणून शेजारी बसणाऱ्या सर्व तुकड्यांची दिशा आम्ही काम सुरू करण्याआधी आपल्यासमोर मार्करने बाण काढून ठरवतो. डॅशबोर्डला आडवी आणि बॉनेटला पुढून मागे, ही आमची नेहमीची शिफारस आहे.

काही ग्राहक डीलोरियन मोटारीचे छायाचित्र दाखवून तसेच काम मागतात. १९८१ साली बाजारात आलेल्या त्या मोटारीच्या बाहेरील पॅनेलचा पत्रा ॲल्युमिनियमचा नसून स्टेनलेस स्टीलचा आहे. दिसायला दोन्ही जवळची असली, तरी ॲल्युमिनियम पुष्कळ मऊ असते, त्यावर ओरखडा सहज पडतो आणि ते उघडे ठेवले तर डागाळते. त्या छायाचित्रातील रूप आम्ही देऊ शकतो, मात्र स्टेनलेसचा टणकपणा देऊ शकत नाही.

पत्रा कोणता आहे, याने किती फरक पडतो

ॲल्युमिनियम या एका नावाखाली अनेक मिश्रधातू येतात. ५०५२ हा मॅग्नेशियमयुक्त पत्रा आणि ६०६१ हा मॅग्नेशियम व सिलिकॉन असलेला मिश्रधातू, या दोन्हींवर रेघा स्वच्छ उठतात. जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचा पत्रा फार मऊ असल्याने त्यावर घासणीला धातू चिकटतो आणि रेघ मध्येच फाटते. तेथे हात हलका ठेवावा लागतो आणि वेळ अधिक लागतो. ओतीव भागांची गोष्ट वेगळी आहे. इंजिनवरील झाकणे किंवा जुने ब्रॅकेट हे बहुधा सिलिकॉनचे प्रमाण जास्त असलेल्या मिश्रधातूत ओतलेले असतात. त्यांच्यावर रेघा पाडता येतात, पण ॲनोडायझिंग (आम्लाच्या द्रावणात वीज सोडून धातूवर ऑक्साइडचा थर वाढवणे) केल्यास ते करडे, कधी काळपट होतात, आणि शेजारच्या पत्र्याशी त्यांचा रंग जुळत नाही. असे भाग आम्ही घासून त्यांना लॅकरच, म्हणजे वरून मारायचा पारदर्शक थर, देतो.

आमच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत लँड रोव्हरची पॅनेल विशेष असतात. ही गाडी १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम आली, तेव्हा युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादाचा तुटवडा होता, म्हणून तिच्या बॉडीचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले. हे पत्रे सुंदर घासले जातात. तथापि ज्या ठिकाणी ते पोलादी चौकटीला टेकतात, तेथे वर्षानुवर्षे ओल राहून पांढरी भुकटी धरलेली असते आणि तिच्याखाली खड्डे पडलेले असतात. ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना लागले की त्यांतील ॲल्युमिनियम आधी खाल्ले जाते, हा त्याचा स्वभाव आहे. असे खड्डे घासून जात नाहीत. त्या जागी नवा तुकडा वेल्ड करावा लागतो.

वेल्डिंगच्या बाबतीतही एक सूचना आहे. पॅनेल बाहेरून दुरुस्त करून आणणार असाल, तर वेल्डरला ५३५६ क्रमांकाची तार वापरण्यास सांगावे. ४०४३ क्रमांकाची तार सहज वितळते म्हणून अनेकजण तीच वापरतात, परंतु तिच्यात सिलिकॉन असल्यामुळे ॲनोडायझिंगनंतर वेल्डची जागा काळ्या पट्ट्यासारखी उठून दिसते आणि मग तिच्यावर कोणताही उपाय राहत नाही.

रंगाखाली जे लपते, ते येथे लपत नाही

डेंटिंग-पेंटिंगच्या कामात पोचा ठोकून जवळपास सपाट केला, वर पुट्टी भरली आणि घासून रंग मारला की काम भागते. ब्रश फिनिशमध्ये पुट्टीला जागाच नाही. पत्रा धातूच्या पातळीवरच सपाट करावा लागतो. कारण रेघा सरळ असल्या तरी खालचा पत्रा लाटेसारखा असेल, तर उजेडाचा पट्टा त्या लाटेवरून वाकडा जातो आणि पोचा रंगवलेल्या पत्र्यापेक्षा अधिक ठळक दिसतो. जुना रंग काढल्यावर खाली पुट्टी निघाली, तर आम्ही काम थांबवून आपल्याला फोन करतो. ठोकून सपाट होण्याजोगे असेल तर तसा खर्च सांगतो. नसेल तर त्या पॅनेलला रंगच द्यावा, असे स्पष्ट सांगतो. हे ऐकून काही ग्राहक निराश होतात याची आम्हाला कल्पना आहे, पण पोचा असलेल्या पत्र्यावर केलेली मेहनत आपल्यालाही समाधान देणार नाही.

रंग काढण्यासाठी आम्ही रासायनिक रिमूव्हर आणि प्लॅस्टिकची पट्टी वापरतो. वाळूचा मारा पातळ ॲल्युमिनियमला ताणून फुगवतो आणि वेगवान ग्राइंडर त्याला तापवतो. तापल्यावर हा धातू पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, त्यामुळे मधला भाग उमलून येतो आणि थंड झाल्यावरही पूर्ववत बसत नाही.

प्रत्यक्ष घासकाम

पत्रा सपाट लाकडी फळीवर बसवून कडा टेपने धरल्या जातात. खोल ओरखडे १८० किंवा २४० नंबरच्या पॉलिश पेपरने, पुढे ३२०ने काढले जातात, आणि हे सारे अंतिम रेघेच्या दिशेनेच चालते. कारण आडवा पडलेला एकही चरा शेवटी उजेडात दिसतो. त्यानंतर लाकडी ठोकळ्याला गडद लाल स्कॉच-ब्राइटची पट्टी गुंडाळून, पोलादी सरळपट्टी क्लॅम्पने घट्ट बसवून तिच्या आधाराने ठोकळा ओढला जातो. ओढ पत्र्याच्या अलीकडे सुरू होते आणि पलीकडच्या कडेबाहेर संपते. मध्ये हात थांबला, तर थांबल्या जागी एक आडवी सावली उमटते; हात कोपरातून फिरला, तर रेघ धनुष्यासारखी वाकते. म्हणून कारागीर मनगट आणि कोपर स्थिर ठेवून पायांवर पुढे सरकतो. डॅशबोर्डएवढ्या पत्र्यावर अशा ओढी शेकड्यांनी होतात, आणि दर काही ओढींनंतर घासणीची बाजू बदलावी लागते, नाहीतर तिच्यात अडकलेला धातूचा कण एकच खोल रेघ पाडतो. घासताना रॉकेलचा हलका हात दिला की धातू घासणीला चिकटत नाही.

लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टील वूल आमच्या कार्यशाळेत ॲल्युमिनियमजवळ येऊ दिले जात नाही. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाची दाराची पट्टी आम्ही स्टील वूलने घासून दिली होती. देताना ती उत्तम दिसत होती. पहिल्याच पावसाळ्यात तिच्यावर मोहरीएवढे तांबूस ठिपके आले, कारण लोखंडाचे सूक्ष्म कण पत्र्यात रुतून बसले होते आणि तेच गंजत होते. ती पट्टी आम्ही विनामूल्य पुन्हा करून दिली आणि त्या दिवसापासून ॲल्युमिनियमच्या घासण्या वेगळ्या पेटीत ठेवल्या.

शेवटी तेलाचा अंश राहिला आहे का, हे पाहण्यासाठी पत्रा सॉल्व्हंटने पुसून उभा धरतात आणि त्यावर स्वच्छ पाणी सोडतात. पाण्याचा पापुद्रा अर्धा मिनिट अखंड राहिला, तर पत्रा स्वच्छ आहे. पाणी फाटून थेंब धरू लागले, तर तेल शिल्लक आहे आणि वर दिलेला थर पुढे सुटणार आहे. त्यानंतर पत्र्याला उघड्या हाताने कोणी शिवत नाही. घामातील क्षारांचा ठसा कधीकधी दोन दिवसांनी उमटतो आणि तेव्हा तो लॅकरखाली कायमचा गेलेला असतो.

वरचे संरक्षण

ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तोच त्याला गंजण्यापासून वाचवतो, हे खरे आहे. पण घाम, पाऊस, रस्त्यावरचा चिखल आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांच्यापुढे तो थर पुरत नाही. म्हणून आपण तीनपैकी एक मार्ग निवडावा.

गाडीच्या आतील पॅनेलसाठी आमचे मत ॲनोडायझिंगच्या बाजूने आहे. यात पत्रा सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात ठेवून वीज सोडतात, तेव्हा ऑक्साइडचा थर धातूतूनच वाढतो आणि साधारण १० ते २० मायक्रॉनपर्यंत जातो. हा थर धातूचाच भाग असल्याने त्याची साल निघत नाही, तो टणक असतो आणि रेघांचा स्पर्श बोटाला लागतो. त्याआधीच्या धुण्यात कॉस्टिक सोड्यामुळे रेघा किंचित बोथट होतात, म्हणून ॲनोडायझिंगला जाणाऱ्या पत्र्यावर आम्ही रेघ थोडी खोल ठेवतो. पोलादी रिव्हेट, नट किंवा बिजागऱ्या लागलेला भाग या द्रावणात घालता येत नाही. एकाच गाडीचे सर्व तुकडे एकाच वेळी द्यावेत, कारण दोन निरनिराळ्या वेळच्या कामांत छटेचा फरक पडू शकतो.

जेथे ॲनोडायझिंग शक्य नाही, तेथे दोन घटकांचे पारदर्शक मॅट लॅकर देतो. ते घासल्याच्याच दिवशी मारले जाते. लॅकर रेघांत भरते, त्यामुळे पत्रा एक छटा गडद दिसतो; नमुन्याचा लॅकर दिलेला तुकडा पाहूनच निर्णय घ्यावा. लॅकरची दुबळी जागा म्हणजे कड आणि भोक. खड्याने टवका उडाला की ओलसर हवेत त्या जागेपासून लॅकरखाली केसासारखे पांढरट धागे पसरू लागतात. रत्नागिरी, अलिबाग किंवा गोव्याकडे गाडी राहत असेल, तर बाहेरच्या पॅनेलवर हे लवकर घडते. त्या भागातील ग्राहकांना बाहेरचे बॉनेट उघड्या धातूचे ठेवू नये, असा सल्ला आम्ही देतो, आणि त्यासाठी त्या कामाचे पैसेही सोडतो.

तिसरा मार्ग केवळ मेणाचा. तो प्रदर्शनाच्या गाड्यांना योग्य आहे. रोजच्या गाडीला दर महिन्याला मेण चढवणे सहसा होत नाही.

बाहेरचे मोठे पॅनेल करण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयात चौकशी करावी, कारण गाडीचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो.

घरी घ्यावयाची निगा

साधे पाणी, सौम्य शाम्पू आणि मऊ सुती फडके एवढेच पुरते. पुसताना हात रेघांच्या दिशेने चालवावा. राख, चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर आणि हिरवी घासणी यांपैकी काहीही वापरू नये. घरची ॲल्युमिनियमची भांडी राखेने घासण्याची सवय जुनी आहे, पण राख अल्कलीयुक्त असते आणि ॲल्युमिनियम अल्कलीत विरघळते. याच कारणाने चुन्याचा किंवा ओल्या सिमेंटचा शिंतोडा पॅनेलवर पडला, तर तो वाळेपर्यंत थांबू नये, लगेच पाण्याने धुवावा. चाकांसाठी मिळणारे आम्लयुक्त क्लीनर पॅनेलवर उडू देऊ नयेत. लॅकर दिलेले पॅनेल पहिला आठवडा धुऊ नये. पॅनेल परत बसवताना स्टेनलेस स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर घालावेत. ते आम्ही कामासोबत देतो.

लॅकर नसलेल्या पत्र्यावर बारीक ओरखडा पडल्यास तो स्वतः घासू नये. एका ठिकाणी घासलेला भाग चौकोनी डागासारखा दिसतो, आणि मग पूर्ण पॅनेल कडेपासून कडेपर्यंत ओढावे लागते.

पॅनेल आणून देताना

पॅनेल गाडीवरून उतरवून, मागची वायरिंग आणि मीटर काढून आणावे, आणि काढण्याआधी ते गाडीत बसलेले असताना समोरून एक छायाचित्र घेऊन ठेवावे, म्हणजे रेघांची दिशा ठरवताना आपल्या आणि आमच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असेल. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, शाई उतरते. जुन्या चादरीत आणावे. मोठ्या कामाआधी त्याच पत्र्याच्या मागच्या बाजूस हातभर जागेत आम्ही नमुना घासून दाखवतो. तो सकाळच्या उजेडात दाराशी नेऊन, उभा आणि आडवा धरून पाहावा आणि पसंत पडला तरच पुढील कामास होकार द्यावा.