हार्ड डिस्कची निवड

वीजपुरवठा बंद झाल्यावरही संगणकातील माहिती टिकवून धरणारे, फिरत्या चकत्यांवर चुंबकीय पद्धतीने लेखन-वाचन करणारे साधन म्हणजे हार्ड डिस्क. चकती (डिस्क) आणि ती फिरवणारी यंत्रणा (ड्राइव्ह) यांतील भेद मराठी बोलण्यात उरलेला नाही. नाशिकच्या दुकानांत तर चकतीच नसलेल्या, चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या एसएसडीलाही सर्रास ‘एसएसडी हार्ड डिस्क’ म्हटले जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः फिरत्या चकत्यांच्या प्रकाराचा विचार केला आहे.

या साधनाचा प्रारंभ सामान्यतः १९५६ मध्ये आयबीएमने पुढे आणलेल्या ‘३५०’ या एककापासून धरतात. त्यात सुमारे ६१ सेंमी. व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सहा बिटांची ५० लाख अक्षरे, म्हणजे आजच्या मोजणीने जेमतेम पावणेचार मेगाबाइट, एवढीच त्याची धारणक्षमता होती. १९७३ च्या ‘३३४०’ मध्ये चकत्या आणि लेखन-वाचन शीर्षे एकाच बंद कोषात आली. याच यंत्रामुळे ‘विंचेस्टर’ हे नाव रूढ झाले. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार आयबीएमची हर्स्ली येथील प्रयोगशाळा इंग्लंडमधील विंचेस्टर शहराजवळ असल्याने हे नाव पडले. दुसऱ्या मतानुसार मूळ आराखड्यात ३० मेगाबाइटचे दोन भाग योजले होते, आणि ‘३०-३०’ हा आकडा ऐकताच प्रकल्पप्रमुख केन हॉटन यांना त्याच नावाने प्रसिद्ध असलेली विंचेस्टर बंदूक आठवली. यंत्राचे विकसन कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे झाले असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

निवडीत सर्वप्रथम पाहिली जाते ती धारणक्षमता, आणि पहिला गैरसमजही तिच्याच बाबतीत होतो. उत्पादक एक टेराबाइट म्हणजे १०००,००,००,००,००० बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे ‘वन टीबी’ची डिस्क पडद्यावर ९३१ जीबी दिसते आणि ग्राहक दुकानदाराशी हुज्जत घालतो. दोन्ही मोजण्या वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून १९९८ मध्ये ‘किबी’, ‘मेबी’, ‘गिबी’ ही उपपदे सुचवली गेली, पण विक्रीच्या व्यवहारात ती उतरली नाहीत.

याहून निर्णायक, पण खोक्यावर बहुधा न छापलेली बाब म्हणजे लेखनपद्धती. पारंपरिक पद्धतीत (सीएमआर) माहितीच्या वर्तुळाकार वाटा एकमेकींना न शिवता शेजारी असतात. दुसऱ्या पद्धतीत (एसएमआर) जुन्या नाशकातील वाड्यांच्या छपरांवर कौले जशी एकमेकांवर थोडी चढलेली असतात, तशा या वाटा एकमेकींवर चढवलेल्या असतात. वाचनशीर्ष लेखनशीर्षापेक्षा अरुंद असल्याने उघडा राहिलेला पट्टा वाचायला पुरतो आणि तेवढ्याच चकतीत अधिक माहिती मावते. मात्र मधले एक कौल बदलायचे तर त्यावरची कौले हलवावी लागतात, तद्वत एक वाट बदलताना त्या पट्ट्यातील पुढच्या वाटाही पुन्हा लिहाव्या लागतात. तात्पुरत्या साठ्यासाठी राखलेली जागा भरेपर्यंत हे जाणवत नाही. ती भरली की लेखनाचा वेग एकदम कोसळतो. छायाचित्रे किंवा जुने हिशेब एकदाच लिहून ठेवायचे असतील तर ही पद्धत चालते, परंतु अनेक डिस्क जोडून एकच साठा बनवणाऱ्या रेडसारख्या रचनेत आणि सतत पुनर्लेखनाच्या कामात ती टाळावी. काही डिस्कमध्ये ही पद्धत ग्राहकाला न सांगता वापरल्याचे २०२० मध्ये उघड झाल्यापासून उत्पादकांच्या माहितीपत्रकांत तिचा उल्लेख अधिक स्पष्टपणे येऊ लागला; ते माहितीपत्रक पाहिल्यावाचून खरेदी करू नये.

वेगाच्या बाबतीत मिनिटाला ५,४०० आणि ७,२०० फेरे हे दोन प्रकार प्रचलित आहेत. हवी ती जागा शीर्षाखाली येईपर्यंतची सरासरी प्रतीक्षा पहिल्यात सुमारे ५.६, तर दुसऱ्यात सुमारे ४.२ मिलिसेकंद असते. एसएसडीत हा प्रश्नच नसल्याने विंडोज तिच्यावर आणि मोठा साठा हार्ड डिस्कवर, ही विभागणी आता सर्वमान्य आहे.

शीर्षे चकतीला न टेकता हवेच्या थरावर तरंगतात आणि उंचीवर हवा विरळ होते; पण नाशिकची समुद्रसपाटीपासूनची सुमारे ६०० मी. उंची त्यांना बाधत नाही. सामान्य डिस्क सुमारे ३,००० मी. उंचीपर्यंत चालतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत धातू दाबणाऱ्या प्रेसलगतच्या संगणकाला बसणारे हादरे आणि अचानक जाणारी वीज यांचा धोका अधिक. तेथे यूपीएस लागतोच, आणि यंत्राशेजारच्या संगणकात एसएसडी इष्ट.

गृहसंस्थांच्या कॅमेऱ्यांसाठी धारणक्षमता अंदाजाने न ठरवता हिशेबाने ठरवता येते. सेकंदाला ४ मेगाबिट पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला ४३.२ जीबी भरतो, आठ कॅमेरे सुमारे ३४६ जीबी. ‘फोर टीबी’ची डिस्क त्यामुळे साडेअकरा दिवसांत भरून जुने चित्रण पुसू लागते, महिनाभराच्या नोंदीसाठी १२ टीबी घ्यावी लागते. अशा अखंड लेखनासाठी ‘सर्व्हेलन्स’ म्हणून विकला जाणारा वर्ग वेगळा असतो.

जुनी डिस्क घेताना बाह्य स्वरूपावर विसंबू नये. काउंटरवरच ती संगणकाला जोडून डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींतील बदललेल्या सेक्टरांची (खराब झाल्याने राखीव जागेत हलवलेल्या भागांची) संख्या आणि चालू राहिल्याचे तास पाहावेत. वर्षाचे तास ८,७६० होतात. म्हणून २६,००० चा आकडा दाखवणारी डिस्क, दुकानदार तिला ‘कमी वापरलेली’ म्हणत असला तरी, जवळजवळ तीन वर्षांइतका काळ चालू राहिलेली असते.