अवकाश प्रारण व मानवी अनुकूलन

पृथ्वीचे वातावरण व चुंबकीय क्षेत्र यांच्या आडोशाबाहेर दीर्घकाळ राहताना विश्वकिरण (दूरच्या अवकाशातून येणारे वेगवान कण) आणि सौरकण यांचा मारा सोसता यावा, यासाठी मानवी शरीरात आपोआप घडणारे किंवा हेतुपुरस्सर घडवता येण्याजोगे बदल. यानाच्या कवचाचा विचार येथे केलेला नाही.

पृथ्वीवर नैसर्गिक प्रारणाची (रेडिएशनची) मात्रा वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट (शरीरावरील परिणाम धरून मात्रा मोजण्याचे एकक) असते. ‘क्युरिऑसिटी’ या फिरत्या बग्गीला मंगळाकडे नेणाऱ्या यानात २०११-१२ मध्ये ती दिवसालाच सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट भरली. मात्रेइतकेच कणांचे स्वरूपही महत्त्वाचे आहे. क्ष-किरणांमुळे पेशीत होणारी इजा बरीचशी विखुरलेली असते. विश्वकिरणांतील लोहासारख्या जड मूलद्रव्याचे अणुकेंद्र मात्र आपल्या वाटेवरील डीएनए जवळजवळच्या अनेक ठिकाणी तोडत जाते आणि असे तुकडे बिनचूक सांधणे पेशीला कठीण जाते. अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांना मिटल्या डोळ्यांपुढे दिसलेले प्रकाशाचे ठिपके व रेघा डोळ्यांतून आरपार जाणाऱ्या कणांमुळे उमटल्या, असे सामान्यतः मानतात.

‘अनुकूलन प्रतिसाद’ (आधी मिळालेल्या अल्प मात्रेमुळे पुढील मोठ्या मात्रेची इजा कमी होणे) ही संज्ञा प्रारणजीवविज्ञानात प्रामुख्याने १९८४ च्या एका प्रयोगानंतर रूढ झाली. ऑलिव्हिएरी, बोडीकोट व वुल्फ यांनी मानवी रक्तातील लसिका पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ट्रिटियमयुक्त थायमिडीनच्या (किरणोत्सर्गी हायड्रोजन असलेल्या डीएनए-घटकाच्या) अल्प प्रारणात वाढवल्या आणि नंतर त्यांवर क्ष-किरणांची मोठी मात्रा सोडली, तेव्हा गुणसूत्रांतील विकृती दोन्ही मात्रांच्या बेरजेवरून अपेक्षित असलेल्या संख्येपेक्षा कमी आढळल्या. हा परिणाम काही तासांनी दिसू लागतो, काही पेशीचक्रांनंतर ओसरतो आणि सर्वच रक्तदात्यांच्या पेशींत आढळत नाही. इराणमधील रामसर येथे नैसर्गिक प्रारण फार जास्त असून तेथील रहिवाशांच्या पेशींतही असाच कल नोंदला गेला, पण तपासलेल्या व्यक्ती थोड्या होत्या. केरळच्या मोनाझाइटयुक्त (थोरियम असलेल्या किरणोत्सर्गी खनिजाच्या) किनारपट्टीवरील मोठ्या पाहणीत कर्करोगाचे प्रमाण प्रारणाच्या मात्रेबरोबर वाढलेले दिसले नाही. परंतु वाढ न दिसणे आणि अनुकूलन सिद्ध होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. या प्रतिसादाची चाचणी घेऊन अंतराळवीर निवडावेत, अशी सूचना काही संशोधकांनी केली आहे. तथापि मूळ पुरावा मुख्यतः क्ष-किरण व गॅमा किरण यांविषयीचा असल्याने तो जड कणांना जसाच्या तसा लावणे धाडसाचे वाटते.

जनुकीय बदलांच्या चर्चेत प्रारण सोसणाऱ्या दोन जीवांचा उल्लेख वारंवार येतो. ‘डायनोकॉकस रेडिओड्युरन्स’ हा जीवाणू सुमारे ५,००० ग्रे (शोषलेल्या प्रारणाचे एकक) मात्रेनंतरही तुटलेला जीनोम (पेशीतील संपूर्ण डीएनए) जुळवून घेतो. त्याच्या पेशीत जीनोमच्या अनेक प्रती असतात, तसेच मँगॅनिजची संयुगे प्रथिनांचे रक्षण करतात. टार्डिग्रेड या सूक्ष्म, आठ पायांच्या प्राण्यामधील ‘डीसप’ हे प्रथिन जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये मानवी पेशीसंवर्धनात निर्माण करून पाहिले, तेव्हा क्ष-किरणांमुळे डीएनएला होणारी हानी सुमारे ४० टक्क्यांनी घटली. संवर्धनातील पेशी म्हणजे मज्जासंस्था किंवा बीजकोश नव्हे, हे लक्षात घ्यावे लागते.

नैसर्गिक निवडीने अनुकूलन घडण्यास अनेक पिढ्या लागतील. शिवाय कर्करोग बहुधा प्रजननवयानंतर होत असल्याने त्याविरुद्ध निवडीचा दाब क्षीण राहील. गर्भधारणेपासून जन्मापर्यंतचा काळ अवकाशात पूर्ण केलेला एकही सस्तन प्राणी अद्याप नाही.