मार्क ब्रॅडफर्ड यांच्या चित्रातला कागद

अमेरिकी कृष्णवर्णीय चित्रकार मार्क ब्रॅडफर्ड यांची प्रचंड अमूर्त चित्रं लांबून रंगवलेली वाटतात. जवळ गेलं की दिसतो तो कागद. थरावर थर चिकटवलेला, मग खरवडलेला, यंत्राने घासलेला.

जन्म १९६१, लॉस एंजेलिस. आईचं सलून होतं, मुलगाही तिथेच केस करायला शिकला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समधून पदवी मिळाली १९९५ मध्ये आणि पदव्युत्तर शिक्षण संपलं १९९७ मध्ये. तेव्हा वय पस्तिशीपार गेलं होतं आणि पोटापाण्याला सलूनच होतं. रंग महाग पडत. मात्र पर्म करताना, म्हणजे केस कायमचे कुरळे करताना, केसांच्या टोकांना गुंडाळायचे झिरझिरीत 'एंड पेपर' हाताशीच होते, तेही अगदी स्वस्त. त्यांच्या कडा जाळून त्यांनी ते कॅनव्हासवर ओळीने चिकटवले. करपलेल्या कडांची जाळी उमटली.

माझ्या मते त्यांच्या कामातलं खरं वळण हेच. महायुद्धानंतरच्या अमेरिकी अमूर्त चित्रकलेत मान मिळाला तो मुख्यतः गोऱ्या पुरुषांना. ब्रॅडफर्ड यांनी त्या शैलीत कृष्णवर्णीय बायकांच्या सलूनमधली रोजची मेहनत आणून बसवली. २००१ मध्ये क्युरेटर थेल्मा गोल्डन यांनी न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियममधल्या 'फ्रीस्टाइल' प्रदर्शनात त्यांना घेतलं आणि कलाजगताचं लक्ष गेलं.

पुढचा कागद रस्त्यावरून आला. १९९२ च्या दंगलीत जळालेल्या दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये रिकाम्या जागांना कुंपणं पडली होती. त्यांवर कर्जमुक्ती, मुलाचा ताबा, तात्पुरता निवारा अशा जाहिरातींची पोस्टरं लागत. एखाद्या वस्तीला काय छळतंय, ते या पोस्टरांइतकं स्पष्ट क्वचितच कुठे वाचायला मिळेल. ब्रॅडफर्ड ती उतरवून आणत आणि चित्रांत वापरत. कत्रिना वादळाने उद्ध्वस्त झालेल्या न्यू ऑर्लिन्समध्ये २००८ साली त्यांनी प्लायवूडची भलीमोठी नौका उभारली. २००९ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये, आईचं सलून जिथे होतं त्या लॉस एंजेलिसच्या लायमर्ट पार्क वस्तीतच, त्यांनी दोन सहकाऱ्यांसह 'आर्ट प्लस प्रॅक्टिस' ही संस्था काढली. तिथे प्रदर्शनं होतात आणि फॉस्टर केअर, म्हणजे निराधार मुलांच्या सरकारी पालनव्यवस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना आधारही मिळतो.

२०१७ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, अमेरिकेचं दालन त्यांच्याकडे आलं. पहिल्याच खोलीत छतापासून लोंबणारा एक अवजड, फुगलेला आकार होता. त्याच्यामुळे प्रेक्षकांना भिंतीला चिकटून पुढे सरकावं लागे. पुढच्या खोलीत गडद, काळपट जांभळी चित्रं होती, एंड पेपरची.